फिट थांबलेली दिसतेय, मग डोक्याला २४ तास तारा कशाला?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत मांडतो. तुम्ही डोंबिवलीच्या, भाऊ ३१ वर्षांचा, शाळेत असल्यापासून फिट्सचा त्रास, व्हॅल्प्रोएटच्या गोळ्या चालू. गेल्या आठवड्यात ताप आणि उलट्या, दोन दिवस गोळ्या पोटात राहिल्या नाहीत. मग पहाटे फिट आली ती थांबेचना, जवळच्या नर्सिंग होममध्ये नेईपर्यंत अर्धा तास गेला, तिथे इंजेक्शनं दिली, तरी झटके चालू म्हणून अँब्युलन्सने मोठ्या हॉस्पिटलात. आता व्हेंटिलेटरवर आहे, हातपाय हलायचे कालपासून थांबलेत, पण शुद्ध नाही. आणि डॉक्टर म्हणतायत की २४ तास ईईजी (मेंदूच्या विजेचा ग्राफ) लावायचा, झोपेची औषधं वाढवावी लागतील. तुम्ही विचारताय की फिट थांबलीय तर हे कशाला, बिल वाढवायला का, आणि आमच्याकडून उशीर झाला का.

मी मुंबईतच न्यूरॉलॉजी करतो, आणि माझं बरंचसं काम आयसीयूतल्या फिट्सचं आणि ईईजी वाचायचं असतं. भावाला न बघता, फाइल हातात नसताना मी त्याच्याबद्दल ठाम काही सांगू शकत नाही, ते त्याचे डॉक्टरच सांगतील. पण ते असं का म्हणत असावेत हे समजावून सांगतो, म्हणजे उद्या राउंडच्या वेळी तुम्हाला नीट बोलता येईल.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही धरूनच चालला आहात, की फिट थांबलीय. मला तिथेच अडायचंय. हातपाय हलायचे थांबलेत एवढंच आपल्याला माहितीये. मेंदूतली फिट थांबलीय की नाही हे बेडच्या बाजूला उभं राहून कुणालाही सांगता येत नाही, मलाही नाही. फिट म्हणजे मेंदूतल्या पेशींचा एकाच वेळी, एकाच तालात होणारा विजेचा भडका. दादरच्या पुलावर संध्याकाळी प्रत्येक माणूस आपापल्या दिशेने आपापल्या वेगाने चालत असतो, नॉर्मल मेंदू तसाच, आणि फिटमध्ये ती सगळी गर्दी अचानक एका ठेक्यावर पाय आपटायला लागते. सुरुवातीला तो भडका स्नायूंपर्यंत पोचतो म्हणून झटके दिसतात. तास-दोन तास चालू राहिला की शरीर दमतं, झटके बारीक होत जातात, मग फक्त पापणी फडफडते, किंवा डोळे एका बाजूला ओढलेले राहतात, एखादं बोट हलतं, आणि पुढे पुढे बाहेरून काहीच दिसत नाही. आत मात्र तेच चालू असतं.

त्यात अजून एक गोष्ट. व्हेंटिलेटरसाठी घशात नळी टाकताना बहुतेक वेळा स्नायू शिथिल करणारं औषध देतात, रोक्युरोनियम किंवा व्हेक्युरोनियम. त्याने हातपाय पूर्ण ढिले पडतात, ते औषध मेंदूवर काहीही करत नाही. नातेवाईकांना वाटतं नळी टाकली आणि फिट गेली. ती जाते का राहते हे त्या वेळी फक्त ईईजीच सांगू शकतो.

आणि ही कुणी मनाने रचलेली भीती नाहीये. १९९८ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात, लांबलेली फिट बाहेरून थांबल्यावर १६४ पेशंटना २४ तास ईईजी लावून बघितला होता. जवळजवळ निम्म्यांना, म्हणजे ४८ टक्के लोकांना, ग्राफवर फिट्स चालूच सापडल्या, आणि १४ टक्क्यांहून जास्त लोकांना हातपाय न हलता सलग चालणारी फिट होती. म्हणून तुमचा भाऊ जागा होत नाहीये ही गोष्ट माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची आहे. साधी फिट येऊन गेली की माणूस अर्ध्या-एक तासात हळूहळू ओळख द्यायला लागतो, कुशीवर वळतो, हाका मारल्या की ऊं करतो. तसं झालं नाही तर तीन शक्यता उरतात, एक तर दिलेल्या औषधांची झोप आहे, दुसरं म्हणजे तापाने किंवा मूळ आजाराने मेंदू मंदावलाय, आणि तिसरं म्हणजे आत फिट चालू आहे. तिन्ही बाहेरून सेम दिसतात आणि तिन्हींचा उपचार वेगळा, पहिल्यात औषध कमी करायचं असतं आणि तिसऱ्यात वाढवायचं. ईईजीशिवाय हा निर्णय घेणं म्हणजे अंदाजाने घेणं.

आता ईईजीत नेमकं काय असतं ते सांगतो, कारण त्या तारा बघून घरची माणसं फार घाबरतात. डोक्यावर ठरलेल्या जागी साधारण वीसेक छोट्या चकत्या पेस्टने चिकटवतात. त्यातून करंट देत नाहीत, शॉक तर अजिबातच नाही, फक्त मेंदूची वीज मोजली जाते. ती इतकी बारीक असते की मायक्रोव्होल्टमध्ये मोजावी लागते, हृदयाचा ईसीजी त्याच्या कितीतरी पट मोठा असतो, म्हणूनच टेक्निशियन डोक्याची कातडी घासून घासून साफ करतात आणि तुम्हाला मोबाइलचा चार्जर बेडपासून लांब लावायला सांगतात. व्हेंटिलेटर, हवेची गादी, छातीची फिजिओथेरपी, सगळ्याचे ठसे त्या ग्राफवर उमटतात आणि कधी कधी हुबेहूब फिटसारखे दिसतात. त्यासाठी सोबत व्हिडिओ पण चालू ठेवतात, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की ही लाट मेंदूची आहे की सिस्टर पेशंटची कूस बदलत होत्या.

२४ तास कशाला, अर्ध्या तासाचा का नको, हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. मेंदूतल्या या लपलेल्या फिट्स सलग चालूच असतात असं नाही, दोन मिनिटं येते, तासभर काही नाही, परत येते. अर्ध्या तासाचा ईईजी नेमका मधल्या शांत वेळेत काढला गेला तर रिपोर्ट क्लीन येतो. २००४ सालच्या एका मोठ्या अभ्यासात सलग ईईजी लावलेल्या ५७० पेशंटपैकी १९ टक्क्यांमध्ये फिट्स सापडल्या, आणि त्यातल्या ८८ टक्के लोकांची पहिली फिट पहिल्या २४ तासांतच दिसली. २४ हा आकडा साधारण तिथून आलाय. जे पूर्ण बेशुद्ध असतात त्यांच्यात कधी कधी दुसऱ्या दिवशी पण पहिली फिट सापडते, म्हणून तिथे ४८ तास ठेवतात.

पण दुसरी बाजूही सांगायलाच हवी. पेशंटला कधीच फिट आलेली नाही, आणि पहिल्या तासाभराच्या ग्राफमध्ये अपस्माराची, म्हणजे फिट्सच्या आजाराची, एकही खूण नाही, तर पुढे फिट सापडायची शक्यता बरीच कमी असते, तिथे मी स्वतः तारा काढायला सांगतो. तुमचा भाऊ या कमी धोक्याच्या गटात बसत नाही, त्याला जुना अपस्मार आहे आणि ही फिट तासाच्या वर चाललीय. अजून एक, २०२० मध्ये स्वित्झर्लंडमधून एक ट्रायल प्रसिद्ध झाली, त्यात बेशुद्ध पेशंटचे दोन गट केले, एकाला ३० ते ४८ तास सलग ईईजी आणि दुसऱ्याला २०-२० मिनिटांचे दोन. सलगवाल्यांमध्ये फिट्स जास्त सापडल्या, औषधं जास्त बदलली गेली, पण सहा महिन्यांनी दगावणाऱ्यांच्या प्रमाणात फरक दिसला नाही. त्यात सगळ्या प्रकारचे बेशुद्ध पेशंट होते, फक्त लांबलेल्या फिटचे नाही, तरीही मी ती गोष्ट नातेवाईकांपासून लपवत नाही. याचा अर्थ असा की ज्या हॉस्पिटलात सलग मशीन नाहीये तिथे रोज एक-दोनदा, पेशंटमध्ये बदल झाला की लगेच, असा पुन्हा पुन्हा ईईजी काढणं हा काही टाकाऊ पर्याय नाही. मात्र झोपेची औषधं ड्रिपवर चालू असतील तर मला सलग ईईजीच हवा असतो, कारण औषधाचा डोस त्या ग्राफकडे बघून कमीजास्त करायचा असतो, तिथे दिवसातून एकदा बघून भागत नाही.

आणि मशीन लावलं म्हणजे झालं असं नाही हं. तो ग्राफ वाचतं कोण आणि किती वेळाने, हे विचारा. रात्रभर रेकॉर्ड होऊन सकाळी अकराला कुणीतरी बघणार असेल तर रात्री दोनची फिट रात्री कळलीच नाही. हल्ली बरेच न्यूरॉलॉजिस्ट घरून लॉगइन करून बघतात, काही मशीनमध्ये तासातासाचा ग्राफ रंगीत पट्टीत दाबून दाखवायची सोय असते, त्याने ड्युटीवरच्या डॉक्टरला पण पटकन अंदाज येतो. दर काही तासांनी कुणीतरी जाणकार बघतोय एवढी खात्री करून घ्या, पैसे देताना हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता औषधांकडे. तुम्ही लिहिलंय की 'इतकी इंजेक्शनं दिली तरी थांबली नाही म्हणजे औषधच चुकीचं होतं का'. क्रम साधारण असा असतो. पाच मिनिटांच्या वर चाललेली झटक्यांची फिट आपोआप थांबायची शक्यता कमी, म्हणून पाच मिनिटांना उपचार सुरू करायचे, आणि तीस मिनिटांच्या पुढे मेंदूला कायमचं नुकसान व्हायचा धोका वाढत जातो. पाच आणि तीस, हे दोन आकडे जगभर मानले जातात. पहिलं औषध लोराझेपाम किंवा मिडाझोलाम गटातलं. मोठ्या माणसाला लोराझेपाम ४ मिलिग्रॅम शिरेतून, गरज पडली तर एकदा परत, आणि शीर सापडत नसेल तर मिडाझोलाम १० मिलिग्रॅम सरळ दंडात किंवा मांडीत. २०१२ च्या एका ट्रायलमध्ये अँब्युलन्समध्ये स्नायूत दिलेलं मिडाझोलाम शिरेतल्या लोराझेपामच्या तोडीस तोड, किंबहुना थोडं सरसच ठरलं, कारण शीर शोधण्यात जाणारा वेळ वाचला. ही औषधं देताना बरेचदा चूक होते ती डोस कमी द्यायची, श्वास बंद पडेल या भीतीने निम्मा डोस देतात. त्या भीतीपेक्षा चालू राहिलेली फिट श्वासाला जास्त धोकादायक असते.

त्याने थांबली नाही की दुसरी पायरी, लेव्हेटिरासेटाम, व्हॅल्प्रोएट किंवा फॉसफेनिटॉइन, वजनानुसार मोठा डोस. २०१९ मध्ये या तिघांची समोरासमोर तुलना झाली आणि तिन्ही सारखीच निघाली, प्रत्येकाने साधारण निम्म्या पेशंटमध्ये फिट थांबवली. म्हणजे निम्म्यांत थांबली नाही. त्यामुळे तुमच्या भावाची थांबली नाही यात लगेच कुणाची चूक शोधू नका. कुठलं निवडायचं हे बाकीच्या गोष्टींवर ठरतं, लिव्हर खराब असेल किंवा बाई गरोदर असेल तर व्हॅल्प्रोएट टाळतो, हृदयाचे ठोके अनियमित असतील तर फॉसफेनिटॉइन टाळतो, किडनी कमी चालत असेल तर लेव्हेटिरासेटामचा पुढचा डोस कमी करतो.

फिट जितकी लांबते तितकी ती पहिल्या औषधाला कमी दाद देते, आणि याचं कारण आता बऱ्यापैकी कळलंय. मेंदूच्या पेशींना शांत करणारं गाबा नावाचं रसायन पेशीच्या पृष्ठभागावरच्या ज्या रिसेप्टरवर काम करतं, तेच रिसेप्टर लांबलेल्या फिटमध्ये पेशीच्या आत ओढले जातात. लोराझेपाम-मिडाझोलाम त्याच रिसेप्टरवर काम करतात, आता तेच जागेवर नाहीत तर औषध बसणार कुठे? त्याच वेळी पेशीला भडकवणारे दुसरे रिसेप्टर, एनएमडीए म्हणतात ते, पृष्ठभागावर वाढतात. म्हणून उशिराच्या टप्प्यात काही ठिकाणी केटामाइन वापरतात, ते त्या दुसऱ्या रिसेप्टरला अडवतं. पहिल्या वीस मिनिटांसाठी आम्ही एवढी घाई करतो ती यासाठी.

दोन पायऱ्यांनंतरही चालू राहिली की तिसरी पायरी भूल. मिडाझोलाम, प्रोपोफॉल, थायोपेंटोन, यातलं एखादं ड्रिपने चालू ठेवायचं. तुमचे डॉक्टर 'झोपेची औषधं वाढवावी लागतील' म्हणाले ते हेच. यात ध्येय दोन प्रकारचं ठेवतात, काही जण ग्राफवरच्या फिट्स थांबेपर्यंतच औषध वाढवतात, काही जण त्याच्याही पुढे जाऊन मेंदू इतका शांत करतात की ग्राफवर काही सेकंद जवळजवळ सपाट रेघ, मग लाटांचा एक गुच्छ, परत सपाट, असं दिसतं. त्याला बर्स्ट सप्रेशन म्हणतात. यातलं कुठलं चांगलं याचा पक्का पुरावा आजही नाही. मी साधारणपणे आधी फिट्स थांबवण्यावर थांबतो, परत आल्या तरच खोल जातो, कारण जितकी भूल खोल तितकं बीपी पडतं, बीपी वाढवायचं औषध लावावं लागतं, न्यूमोनिया होतो, व्हेंटिलेटरचे दिवस वाढतात. दुसरा डॉक्टर वेगळं करेल आणि तेही चूक म्हणता येणार नाही.

ती सपाट रेघ तुम्हाला दिसली तर प्लीज घाबरू नका. मॉनिटरवर सरळ रेघ बघून 'संपलं' असं समजून आयसीयूच्या दारात रडणारी माणसं मी पाहिलीयत, कुणी त्यांना आधी सांगितलेलंच नव्हतं. ही रेघ औषधाने मुद्दाम आणलेली असते आणि औषध कमी केलं की लाटा परत येतात. साधारण २४ ते ४८ तास ग्राफवर फिट नाही असं दिसलं की हळूहळू औषध उतरवतात, आणि हाच काळ सगळ्यात नाजूक. उतरवताना फिट परत येऊ शकते, आणि ती पुन्हा बाहेरून न दिसणारी असू शकते, म्हणून तारा तेव्हाच काढायची घाई करू नये. औषध बंद झालं म्हणजे तासाभरात भाऊ डोळे उघडेल असंही नाही, मिडाझोलाम आणि थायोपेंटोन चरबीत साठतात, खूप दिवस चालू असतील तर उतरायला पण दिवस लागतात. प्रोपोफॉल जास्त डोसने दोन दिवसांच्या वर चालू असेल तर त्याचा एक दुर्मिळ पण गंभीर दुष्परिणाम असतो, त्यासाठी रक्तातलं लॅक्टेट, सीपीके, ट्रायग्लिसराइड्स तपासत राहतात, बिलात त्या टेस्ट दिसल्या तर त्या कशासाठी ते कळलं असेल.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर: झटके थांबणं आणि फिट थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी, भाऊ जागा नाहीये म्हणून ईईजी हवा, आणि भूल चालू असेल तर तो सलग हवा.

पण ईईजीवर दिसणारी प्रत्येक टोकदार लाट म्हणजे फिट नसते, आणि इथे अनुभव लागतो. सेकंदाला अडीचपेक्षा जास्त वेगाने टोकं येत असतील, किंवा लाटांचा आकार-वेग-जागा ठळकपणे बदलत पसरत जात असेल, तर ती फिट म्हणायला हरकत नाही. सेकंदाला एक या ठेक्याने नुसतीच येत राहणारी टोकं मधल्या पट्ट्यात येतात, फिट आहे की नाही हे नक्की सांगता येत नाही. लिव्हर-किडनी बिघडली असेल, किंवा सेफेपिम नावाचं अँटिबायोटिक किडनी कमी असताना दिलं असेल, तरी तशाच लाटा दिसतात. अशा वेळी आम्ही ईईजी चालू असतानाच फिट्सच्या औषधाचा एक डोस देऊन बघतो, ग्राफ सुधारला आणि पेशंट पण थोडा जागा झाला तर ती फिट होती असं समजायचं. नुसता ग्राफ सुधारला तर अजून नक्की नाही. ग्राफच्या मागे लागून पेशंटला दिवसेंदिवस भुलीत ठेवणं हाही धोका आहे. हृदय बंद पडून वाचलेल्या बेशुद्ध लोकांमध्ये अशा लाटा जोर लावून दाबून टाकल्या तरी निकालात फरक पडला नाही असं २०२२ च्या एका ट्रायलने दाखवलंय. म्हणजे सगळं शेवटी मूळ कारणावर येतं.

म्हणूनच मला तुमच्या भावाच्या ईईजीइतकीच त्याच्या तापाची काळजी वाटते. गोळ्या उलटून पडल्या म्हणून फिट लांबली, हे कारण असेल तर मी आशावादी आहे, चुकलेल्या गोळ्यांमुळे झालेल्या केसेस बाकीच्यांपेक्षा चांगल्या सुधारतात. पण ताप कशाचा होता? पावसाळ्यात मुंबईत मलेरिया, डेंग्यू, लेप्टो आधी बघावेच लागतात, मलेरिया मेंदूत गेला की फिट्स येतात. मेंदूज्वर असेल तर पाठीतलं पाणी तपासावं लागेल, आणि हर्पिस व्हायरसची शंका असेल तर रिपोर्टची वाट न बघता असायक्लोव्हिर सुरू करतात. साखर, सोडियम, कॅल्शियम बघितलंच असेल. एमआरआयमध्ये टीबीची किंवा फितकृमीची गाठ आहे का, हेही आपल्याकडे बघावं लागतं. यातलं काहीच सापडलं नाही आणि फिट्स दिवसेंदिवस चालूच राहिल्या तर मग शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटलीय का ते शोधतात आणि स्टेरॉइड वगैरेचा विचार करतात. ती वेळ तुमच्याकडे आलेली दिसत नाही.

एक गोष्ट मात्र तातडीची. भाऊ व्हॅल्प्रोएटवर आहे आणि त्याला ताप आहे, म्हणजे जोरदार अँटिबायोटिक चालू असणार. ते मेरोपेनेम किंवा त्याच गटातलं दुसरं असेल तर ते व्हॅल्प्रोएटची रक्तातली पातळी एक-दोन दिवसांत एकदम खाली आणतं, डोस वाढवूनही ती वर येत नाही. मोठ्या आयसीयूत हे माहीत असतं, पण रात्रीच्या ड्युटी बदलात, तीन-तीन टीम बघत असताना राहून जाऊ शकतं. विचारायला लाजू नका. तसं असेल तर अँटिबायोटिक बदलतात किंवा दुसरं फिट्सचं औषध जोडतात.

उशीर झाला का, याचं खरं उत्तर असं की लवकर उपचार झाले असते तर बरं झालं असतं, हे नाकारून मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. पण अर्धा तास झाला म्हणजे मेंदू गेला असंही नाही, तरुण वय आणि जुना अपस्मार असलेली, तास-तास फिट चाललेली माणसं पुन्हा कामावर गेलेली मी बघतो. पहाटे उठून, त्याला उचलून, गाडी शोधून तुम्ही नेलंत, घरच्यांना याहून जास्त काय करायचं हे कुणी आधी शिकवलेलंच नव्हतं.

ते शिकायचं असं. फिट सुरू झाली की घड्याळ बघायचं, कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवायचा नाही. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांकडून मिडाझोलामचा नाकात मारायचा स्प्रे लिहून घ्या, वजनाप्रमाणे किती पफ मारायचे ते चिठ्ठीवर लिहून फ्रिजच्या दारावर लावा, आणि घरातल्या दोन तरी माणसांना दाखवून घ्या. पाच मिनिटं झाली की स्प्रे मारायचा आणि १०८ ला फोन करायचा, हे घरीच, गाडीत बसायच्या आधी. डोंबिवलीहून ठाण्याकडे निघालात आणि शिळफाट्याला अडकलात तर तो वेळ औषधाशिवाय जायला नको. आणि उलट्यांमुळे गोळी राहत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन, दुसरा दिवस उजाडू द्यायचा नाही.

पैशांचं. बिलाची शंका येणं साहजिक आहे, मी त्यावर रागावणार नाही. हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं असेल तर महाराष्ट्रात त्यांना १० टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन आजच जा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते हॉस्पिटल बसतं का तेही तिथेच विचारा. केईएम, सायन, नायरला न्यूरॉलॉजी विभाग आहेत, पण भुलीची ड्रिप चालू असताना पेशंट हलवणं जोखमीचं असतं, बेड पक्का झाल्याशिवाय आणि दोन्हीकडचे डॉक्टर आपसात बोलल्याशिवाय निघू नका.

उद्या राउंडला एवढं विचारा: आत्ता ग्राफवर फिट आहे का, नसेल तर शेवटची कधी दिसली, ग्राफ रात्री कोण बघतं, भूल कधीपासून उतरवणार, आणि तापाचं कारण सापडलं का. रिपोर्ट मिळाला की त्यातला शेवटचा इम्प्रेशनचा भाग नाव-नंबर काढून इथे टाइप करा, मी बघतो. मेरोपेनेमचं मात्र उद्यावर ठेवू नका, आत्ताच वॉर्डात फोन करून ड्युटी डॉक्टरना विचारा.